कॅसेटमधली मंदा

त्या बुधवारी सकाळी मला सगळ्यात आधी खटकली ती एक बैलगाडी.

तशी बैलगाडी ही काही खटकण्यासारखी वस्तू नाही. मी शेतकऱ्याची मुलगी, माझं निम्मं बालपण गाडीत बसून हिंदकळण्यात गेलं. पण ही गाडी कांद्यानं भरलेली होती आणि मार्केट यार्डाच्या फाटकातून सावकाश आत शिरत होती. त्या दिवशी तिथं एकही गाडी येणार नव्हती. का, तर तसं मी सांगितलं होतं. बावीस गावांना. लाउडस्पीकरवरून!

तुम्ही म्हणाल, एका गाडीनं काय होतंय? मीही स्वतःला तेच समजावलं. मग दुसरी आली. मग एक ट्रॅक्टर. मग मी मोजायचं सोडलं आणि पदराचं टोक चावायला लागले.

पण थांबा. मी कोण, ते आधी सांगायला हवं. गेल्या महिन्यात आमच्या कांदा उत्पादकांच्या संघानं मला अध्यक्ष केलं. तेव्हापासून जो तो विचारतो, ताई, खेड्यातली मुलगी तुम्ही, इथवर पोचलात कशा? सत्कारात एक वक्ते माझ्या जिद्दीवर पंधरा मिनिटं बोलले. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, केवढा हा विनय. अहो, विनय कुठला, मला ती बैलगाडी आठवत होती. यार्डात आज पाण्याचा हौद आहे, डोक्यावर पत्रे आहेत, त्याचं श्रेय आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांना, आण्णांना द्या. माझ्या वाटणीची गोष्ट ही अशी आहे. ऐका आणि हसा, मी मनाला लावून घेणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

येवल्याच्या बाजूला आमचं गाव. बाजरीत दाणा भरला की पाखरं राखायला मला शेतातल्या माळ्यावर बसवायचे. काम काय, तर ओरडायचं. आणि नेमकं तेच मला यायचं नाही. मी इतक्या हळू 'हुर्र' करायचे की चिमण्या मान वळवून बघायच्या आणि पुन्हा खायला लागायच्या. शेवटी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली. "तू बोलू नको," म्हणाले, "तू वाजव."

पुढं नाशिकला कॉलेजात आले. वक्तृत्व मंडळात नाव घातलं, पण मी भाषणं लिहायची आणि दुसऱ्यांनी म्हणायची, अशी वाटणी. माझ्या भाषणांवर तिघींना ढाली मिळाल्या. मी टाळ्या वाजवायला असायचेच. पदवी झाली आणि पंचवटीत भाजीबाजाराच्या वर ज्या खोलीत संघाचं ऑफिस होतं, तिथं पत्रकं लिहायला मला ठेवून घेतलं. तात्यांना हे बिलकूल पटलं नव्हतं. "जिच्यानं चिमणी उठली नाय, ती शेतकरी उठवणार?" हे त्यांनी माझ्यासमोर नाही, आईसमोर म्हटलं. पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. तीन महिन्यांची मुदत ठरली. जमलं तर ठीक, नाहीतर घरी यायचं आणि सिन्नरकडचं स्थळ बघायला येणार होतं त्यांच्यापुढं पोहे ठेवायचे.

मुदत संपायला आठ दिवस उरले होते, आणि हे घडलं.

यार्डात तेव्हा सावली नव्हती की पाणी नव्हतं. लिलावाला उभी माणसं आणि बैल दोघंही उन्हात वाळायचे. आमचे अध्यक्ष आण्णा तीन वेळा बाजार समितीकडं जाऊन आले, तीन वेळा चहा पिऊन परत आले. चौथ्या वेळी ते समितीला म्हणाले, आम्ही भांडत नाही, फक्त एक दिवस माल आणत नाही. बुधवारी तुमच्या यार्डात कांद्याचं सालसुद्धा दिसणार नाही. एकच दिवस. गुरुवारी नेहमीसारखे येऊ. समिती म्हणाली, बघू. बुधवारी दुपारी बारा वाजता समितीचे सगळे सभासद बघायला येणार, असं ठरलं. नाशिकच्या वर्तमानपत्राचा एक वार्ताहर फोटोवाल्याला घेऊन येणार होता.

आण्णा मला म्हणाले, "मंदाताई, जीप ठरवलीय. तुम्ही बसा आणि गावोगाव सांगा."

बावीस गावं, बावीस पार, आणि प्रत्येक पारावर माझ्याकडं टकामका बघणारी माणसं! रात्रभर विचार करून मी एक युक्ती काढली. आजही मला त्या युक्तीचा राग येतो. मी म्हटलं, आण्णा, आपण कॅसेट भरू या. जीपमध्ये टेपरेकॉर्डर लावला की झालं. आवाज सगळीकडं सारखा जाईल. आण्णांना वाटलं, काय आधुनिक पोरगी आहे! आधुनिक कसली, भित्री होते मी.

मी मावशीकडं राहायचे. तिची गोधडी डोक्यावरून घेतली, कारण खिडकीतून देवळातल्या घंटा आणि कोथिंबिरीचे भाव आत यायचे. गोधडीत मी आणि माइक. समोर माणूस नाही म्हटल्यावर मी अशी काही बोलले की बस्स. कागदावर लिहिलं होतं, 'येत्या बुधवारी'. तेवढ्यात मला कॉलेजातले सर आठवले. ते नेहमी सांगायचे, तारीख-वार आला की सरकारी नोटीस वाटते, घरच्यासारखं बोला. मी 'बुधवारी' खोडलं. घरच्यासारखं बोलले.

"दादांनो, माय-बहिणींनो, मी तुमचीच एक लेक बोलतेय. उद्या आपला कांदा घरीच राहू द्या. एकच दिवस. फक्त उद्याचा दिवस."

आलं लक्षात? तुमच्या लगेच आलं असेल. माझ्या यायला बुधवार उजाडावा लागला. माझ्या डोक्यात आपलं हेच की जीप मंगळवारी फिरणार, बुधवारी बंद. एका जीपनं बावीस गावं एका दिवसात कशी होतील, हा हिशेब मी केलाच नाही. लतीफभाई, म्हणजे जीपवाले, सोमवारीच निघाले होते. मंगळवारी यार्डात गाड्या थोड्या कमी दिसल्या तेव्हा आण्णा म्हणाले, लग्नाची दाट तिथी असेल.

आता परत या फाटकापाशी. पहिल्या गाडीवर दगूभाऊ बसले होते, निफाडच्या अंगाचे, संघाचे अगदी पहिल्यापासूनचे माणूस. आण्णा पुढं झाले.

"दगूभाऊ, आज माल आणायचा नव्हता ना?"

"आज कुठं? काल नव्हता आणायचा. काल बसलो की घरी. अख्खं गाव बसलं."

"काल का बसलात?"

"का म्हणजे? तुमची बाई सांगून गेली ना सोमवारी. उद्या कांदा घरी ठेवा म्हनून. लय गोड बोलली हो. आमची म्हातारी तर रडली."

आण्णांनी माझ्याकडं वळून बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच बघत राहिले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. फोटोवाला तेवढ्यात भरलेल्या यार्डाचे दोन फोटो काढून मोकळा झाला. ऊन छान आहे, म्हणाला.

मी मनातल्या मनात गावं मोजायला लागले. सोमवारी ज्यांनी ऐकलं ते मंगळवारी बसले आणि आज आले. मंगळवारी ज्यांनी ऐकलं ते आज घरी, म्हणजे निदान ती तरी गावं बरोबर. मी जरा श्वास घेतला. तर चांदवडकडून आलेला एक ट्रकवाला 'संघवाले कोण' विचारत आला आणि आण्णांच्या हातात चिठ्ठी दिली. लतीफभाईंची. जीप काल चांदवडच्या पुढं बंद पडली होती, आज सकाळी चालू झाली, येवल्याकडची गावं राहिलीत ती आज पुरी करतो, ताईंची कॅसेट एकदम फस्क्लास चाललीय, फिकीर करू नका.

म्हणजे आज तिकडं कर्णा लावून माझाच आवाज 'उद्या' म्हणत फिरणार. ती गावं गुरुवारी घरी बसणार. आण्णांनी समितीला शब्द दिलेला एका दिवसाचा, आणि मी त्याचे तीन केले होते. बारा वाजता सभासद येणार, भरलेलं यार्ड बघणार, आणि गुरुवारी अर्धं रिकामं बघून म्हणणार, या लोकांच्या शब्दाचा काही भरवसा नाही. हौद गेला, पत्रे गेले.

आणि येवल्याकडची गावं म्हणजे आमचंही गाव! तात्यांची गाडी गुरुवारीच निघणार होती. आईनं पत्रात लिहिलं होतं, चाळीत साठवलेला कांदा निवडून ठेवलाय. मी सांगितलं म्हणून तात्या थांबणार, आणि मग त्यांना कळणार की थांबायचं नव्हतंच. पुढं मला पोह्यांचा वास यायला लागला.

जीप थांबवायला हवी होती. आमच्या गावात तेव्हा एकच फोन, पारासमोरच्या किराणा दुकानात. आणि यार्डात एकच फोन, बाजार समितीच्या सचिवांच्या टेबलावर. ज्यांच्याविरुद्ध हा सगळा खटाटोप, त्यांच्याच दारात मी जाऊन उभी राहिले. आवाज फुटेना. हातानंच फोनकडं बोट दाखवलं.

सचिव भला माणूस. "बसा," म्हणाले. "घाम पुसा. यार्ड काय, भरलंय तोवर भरलंय." मग चहा मागवला. त्यांनीच एक्स्चेंजला फोन लावून ट्रंक कॉल नोंदवला, गावाचं नावही मोठ्यानं तेच बोलले, कारण माझं पलीकडं ऐकू जाईना.

पाऊण तासानं लाइन मिळाली. घंटा वाजली, वाजली, वाजत राहिली. कोणी उचलेना. एक्स्चेंजची बाई म्हणाली, नो रिप्लाय, ठेवू का? मी म्हटलं, नको हो, पुन्हा लावा. पुन्हा तेच. अहो, भर सकाळी किराणा दुकानात कोणी नाही, असं कधी होतं का? मला काय माहीत, दुकानदारासकट सगळं गाव त्या वेळी पारावर जमलं होतं. कशाला, ते सांगायलाच नको.

घड्याळात साडेअकरा. बाहेर आण्णा एकेका गाडीपाशी जाऊन काहीतरी बोलत होते. सचिव पेन्सिलीला टोक करत होते, तरी कान माझ्याकडंच. मी एक्स्चेंजच्या बाईला म्हटलं, बाई, शेवटचं एकदा लावा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, लावते बाई, रडू नका. म्हणजे तिलाही कळत होतं.

घंटा वाजली. सहा वेळा, सात वेळा. आणि कोणीतरी फोन उचलला.

आधी माणसाचा आवाज आलाच नाही. आधी आली खरखर, आणि त्या खरखरीतून लांबून, कर्ण्यातून घुमत, अगदी स्वच्छ शब्द आले. "...फक्त उद्याचा दिवस."

आणि मग जवळून, रिसीव्हरमध्ये, "हालो. कोन हाय?"

तात्या! सगळं गाव सोडून फोन उचलायला नेमके माझे तात्या!

जन्मात कधी ओरडले नाही ती मी ओरडले. सचिवांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. बाहेरचे दोन बैल दचकले, असं नंतर मला दगूभाऊंनी सांगितलं.

"तात्या! मी मंदा बोलतेय! ती जीप थांबवा!"

मग तात्यांचा आवाज आला, एवढा मऊ की मी तो आधी कधी ऐकलाच नव्हता.

"चेष्टा करू नका बाई. आमची मंदी तर हितं पारावर बोलतीय. आख्खं गाव ऐकतंय तिचं. जरा दम धरा, तिचं होऊ द्या, मग तुमचं काय ते सांगा."