आप्पांच्या एकशे चौदा व्हॉइस नोट्स

आप्पांचा आवाज मी पुसला.

झालं ते क्रमाने लिहिते.

१. जुनी डिझेल इंजिनं हौसेने दुरुस्त करून चालवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, फोनवरचा. मी त्याची अॅडमिन.

२. निपाणीजवळच्या गावातले आप्पा त्यात होते. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टाइप करता यायचं नाही, म्हणून सगळं बोलून पाठवायचे.

३. दोन वर्षांपूर्वी, आप्पा ग्रुपवर यायच्या थोडं आधी, मी नियम केला : व्हॉइस नोट चालणार नाही, लिहूनच टाका.

४. आप्पांपुरती सोय अशी केली : त्यांची नोट मी ऐकायची, कामाचं तेवढं लिहून ग्रुपवर टाकायचं आणि मूळ नोट सगळ्यांच्या फोनमधून डिलीट करायची. अशा एकशे चौदा.

५. आप्पा गेले. आज त्यांचा बारावा होता.

नियम उगाच केला नव्हता.

त्याआधी ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो, दुपारी भांडणं, आणि तोच प्रश्न दर आठवड्याला. आवाजात काही शोधता येत नाही. एकाने सल्ल्याची नोट अर्धीच ऐकली आणि इंजिनाला हँडल मारलं. हँडल उलटं फिरलं. मनगट मोडलं.

मी बेळगावला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे धरत नाहीत.

नियमानंतर ग्रुप सुधारला. हे मी आजही म्हणेन.

माझ्या फाइलमधली एक नोंद :

"लक्षण – इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. कारण – डिझेलच्या पाइपात हवा. उपाय – हवा काढावी."

आप्पा बोलले होते ते साधारण असं :

"आरं लेका, तुजं इंजिन आजारी न्हाय, उपाशी हाय. डिझेलच पोचंना त्येच्या तोंडात. पाइपातली हवा काड. आनि तू जेवलास का? का तू बी इंजिनागतच?"

आवाजाचा प्रश्न आला की ते तोंडाने इंजिन करून दाखवायचे.

"तुजं टक् टक् वाजतंय का ठप् ठप्? टक् टक् आसंल तर टॅपेट बग. ठप् ठप् आसंल तर मला बोलीव. हात लावू नगंस."

दोन्ही आवाज स्वच्छ वेगळे यायचे. लिहिताना मला ते जमले नाहीत. मी लिहिलं : "आवाज धातूचा, नियमित."

एकदा त्यांनी फोनच केला.

"पोरी, माजं बोलनं पुसतीस व्हय गं?"

"आप्पा, मजकूर ठेवते. फाइल आहे."

"चाळून ठेवतीस म्हन की."

"तुम्हाला चालणार नसेल तर सांगा."

"बिडू गं," ते म्हणाले. जाऊ दे म्हणायचं असलं की ते कानडीत शिरायचे. "कामाचं राहू दे. बाकीचं काय, भंगार."

मी ते होकार म्हणून धरलं.

आज त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले. दारात त्यांच्या मुलीने, आक्काने, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच व्हय बेळगावची? आमाला वाटलं, कोन तरी मोटी बाई आसंल. आप्पा भ्यायचे की गं तुला. तुज्या ग्रुपवर बोलायच्या आदी घसा खाकरून घ्यायचे."

मी म्हणाले, "माझ्याशी तर भरपूर बोलायचे."

"तुज्यासंगंच. घरात दिवसभर तोंडात गुळणी धरल्यागत."

आज्जी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं माज्यासंगं जेवडं बोलले न्हाईत, तेवडं त्या फोनात बोलले. मी आत बसून ऐकायची. मला म्हनायचे, ती पोरगी माजं समदं जपून ठेवती."

मग म्हणाल्या, "वाजव की एकदा."

माझ्या पिशवीत फाइलची प्रिंट होती. एकतीस पानं, बाइंडिंग केलेली. त्यांना द्यायला नेली होती.

ती मी बाहेर काढली नाही.

"शोधून आणते, आज्जी," म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. मी डिलीट केलं की माझ्याकडूनही जातं, हे मला माहीत होतं. आप्पांचा फोन आक्काने दिला, तोही पाहिला. त्यातही काही नाही. घरात एका लग्नाचा व्हिडिओ आहे. त्यात आप्पा पंगतीत भात वाढतात. बोलत नाहीत.

परतीच्या बसमध्ये फाइल उघडली.

कारण, उपाय, कारण, उपाय. प्रत्येक ओळ माझ्याच आवाजात ऐकू येते.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. लिहून काढताना वेळ वाचावा म्हणून त्या नोट्स मी दीडपट वेगाने ऐकायचे. त्यामुळे माझ्या कानात राहिलेला आवाज घाईतल्या, बारीक गळ्याच्या माणसाचा आहे. तो रोज येतो. तो आप्पांचा नाही.

आज्जींनी ऐकलेला आवाज मी कधी नीट ऐकलाच नाही.

आप्पा, नमस्कार मागाहून करीन. आधी हे काम.

ग्रुपवरच्या आणि बाहेरच्याही सगळ्यांना : मूळ नोट डिलीट झाली तरी फॉरवर्ड केलेली कॉपी जात नाही. मी पुसण्याआधी आप्पांची एखादी नोट तुम्ही भावाला, मेकॅनिकला, कुणालाही पाठवली असेल, तर तिथे बघा. जुना फोन असेल तर तोही बघा. सापडली तर मला पाठवा. कापू नका, साफ करू नका.

रविवारी सकाळच्या बसने मी पुन्हा निपाणीला जाते आहे. काही मिळालं नाही, तर ते आज्जींना मीच सांगणार आहे.

तुमच्याकडे नसेल तर "नाही" एवढंच लिहा, म्हणजे तुमच्यासाठी थांबायला नको. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.