पाठमोरी गाडी

अंतू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मांडवीच्या बंदरावर, आमच्या नेहमीच्या जागी, त्याचीच वाट बघत होतो. माझ्याच गाडीविरुद्ध एक नवा मुद्दा सुचला होता. तो तसाच राहिला...

आमचा वाद वर्षानुवर्षं एकच. आजवर निघालेल्या मोटारींत सगळ्यांत भिकार कोणती? मी म्हणे माझी, तो म्हणे त्याची. दोघांनीही साहेबलोकांनी टाकून दिलेल्या मोटारी मुंबईहून आणून प्रवाशांची ने-आण सुरू केली होती. माझी डबकं दिसलं की म्हशीसारखी त्यात बसायची आणि तिची दारं सुंभाने बांधावी लागायची. अंतूची तऱ्हा निराळी. पेट्रोलची टाकी सीटखाली; चढावर नाक वर झालं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. म्हणून प्रत्येक चढ अंतू गाडी फिरवून मागे मागे चढायचा.

माझ्या बहिणीच्या लग्नाला नवरामुलगा वडिलांबरोबर मुंबईहून बोटीने आला. बंदरावरून त्यांना आणायला अंतू गेला. इकडे सनई सुरू झाली, आई ओवाळायला पुढे झाली, आणि चढावरून आली ती नवऱ्यामुलाची पाठ. व्याही आधीच जीव मुठीत धरून बसलेले, ते उतरले तेच बिथरून. नवरा मांडवाला पाठ दाखवत येतो, हा अपशकुन आहे, आम्ही परत जातो, म्हणाले. अंतू सावकाश उतरला.

"पाठ कसली हो? सबंध वाट जावई आमच्या समुद्राकडे बघत आलेत. आता पोरीला माहेरी धाडताना कुरकुर करायचे नाहीत."

व्याह्यांना हसू फुटलं. बहीण अजून दर वैशाखात येते.

खरं तर वाद त्याच दिवशी अंतूच्या बाजूने मिटला होता. पण मी कबूल केलं असतं, तर दुसऱ्या संध्याकाळी बंदरावर बोललो काय असतो? शेवटच्या भेटीतही तो म्हणालाच, "मेल्या, आता तरी कबूल कर."

"माझी दारं अजून सुंभानेच बांधतो मी," मी म्हटलं.

"उद्या बघतो तुला," म्हणत तो खुशीत घरी गेला.

परवा त्याच्या मुलाच्या सांगण्यावरून गाडीला गिऱ्हाईक आलं. वहिनी मुलाला नाही म्हणाल्या नव्हत्या. पण रोज दुपारी त्या त्याच गाडीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडतात, हे मला ठाऊक होतं.

"तुम्ही जाणकार," गिऱ्हाईक मला म्हणालं. "खरं सांगा, कशी आहे गाडी?"

वहिनी सुपातल्या तांदळांकडे बघत राहिल्या.

"हिच्याइतकी भिकार मोटार जगात निघालेली नाही," मी म्हटलं.

गृहस्थ छत्री उचलून चालते झाले. वहिनींनी सूप खाली ठेवलं. मग पदराने डोळे टिपून हसल्या.

"ऐकायला हे हवे होते हो, भावोजी," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी गाडीत जाऊन बसलो. अंतूने लावली तशीच उभी आहे ती, घराकडे पाठ आणि नाक समुद्राकडे.