गोजराबाईंचा थेंब

आमचे डॉक्टर टिपणीस हल्ली लॅबवाल्याकडून कट खातात, असं जुईनगरात बोललं जातं. परवा तर आमच्याच बाकावर बसून, आमच्याच दवाखान्याचा नंबर हातात धरून एक गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, "पहिलेसारखे डॉक्टर नाय राहिले. आता काय पण होऊ दे, पहिले रक्त तपासून आणा." मला असा संताप आला की त्यांची औषधाची बाटली मी गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात हलवली. मी धर्मराज, सात वर्षं या दवाखान्यात कंपाउंडर आहे. कट सोडाच, लॅबवाल्याने दिवाळीला पाठवलेला सुकामेव्याचा डबासुद्धा डॉक्टरांनी माझ्याच हाती परत धाडला होता. ते रक्त तपासायला का लिहून देऊ लागले, ते मला ठाऊक आहे. त्याला कारण गोजराबाई.

गोजराबाई पाटणच्या बाजूच्या. नवरा ज्योतिबा वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. लग्नानंतर बारा वर्षं नवरा इकडे आणि त्या गावी सासू-सासऱ्यांपाशी, असाच संसार झाला. म्हातारी-म्हातारा गेल्यावर ज्योतिबाने त्यांना जुईनगरला आणलं. शहरात येऊन बाई घरी बसतील, असं त्याला वाटलं होतं. त्या आठ दिवस बसल्या आणि नवव्या दिवशी त्याच्याच मार्केटात कांदे निवडायला गेल्या. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका पायाशी. त्यांनी निवडलेल्या ढिगाला पुन्हा हात लावावा लागत नाही, असं मुकादम सगळ्यांना सांगे.

बाई ठेंगण्या, कुंकू रुपयाएवढं आणि जीभ धारदार. दवाखान्यात कोणी नंबर मोडून पुढे घुसला की मला तोंड उघडावं लागत नसे. "काय वो, तुमाला काय मरणाची घाई हाय? मग दवाखान्यात कशाला आलाव?" असं त्या म्हणत आणि माणूस गुपचूप मागे जाऊन बसे.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात हीच बाई भिंतीला टेकून बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. आत गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं, "चार पायऱ्या चढल्या की दम लागतोय. कांदं निवडताना डोळ्याम्होरं अंधारी येती. माझं रगात तपासा."

डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "जरा फिक्या आहात. आपल्याकडच्या शंभरातल्या ऐंशी बायका अशाच असतात. लोहाच्या गोळ्या देतो, महिनाभर घ्या."

"पन रगात?"

"त्याची गरज नाही. उगाच लॅबवाल्याची भर कशाला करायची?"

आता इथे डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळात नव्या मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर लॅब निघत होत्या आणि साध्या सर्दीला पाच-पाच तपासण्या लिहून देणारे महाभाग होते. आमचे डॉक्टर नाकासमोर चालणारे. डोळे, जीभ, नाडी आणि पोट, एवढ्यावर ते रोग ओळखत. ज्योतिबाचा हर्निया त्यांनी तो दारातून येतानाच, चालण्यावरून ओळखला होता. तेव्हापासून ज्योतिबासाठी टिपणीस डॉक्टर म्हणजे देव. लोक म्हणत, "गरिबाला खर्चात न पाडणारा एकच डॉक्टर हाय." हे ऐकून ऐकून डॉक्टरांनाही ते फार आवडू लागलं होतं. चांगुलपणाचासुद्धा माणसाला गर्व होतो.

आणि गोजराबाईंची बाजू अशी, की त्यांची थोरली बहीण मुक्ताबाई गावी अशीच थकत थकत गेली होती. शेवटी तिला साताऱ्याला नेलं. तिथे रक्त तपासल्यावर म्हणाले, हिला सहा महिन्यांपूर्वी आणायला पाहिजे होतं. आजाराचं नाव गोजराबाईंना कोणी सांगितलं नाही. रक्त वेळेवर तपासायचं असतं, एवढं मात्र त्यांच्या मनात पक्कं बसलं.

ऑगस्टमध्ये त्या पुन्हा आल्या, सप्टेंबरात आल्या, दिवाळीआधी आल्या. दर वेळी रगात तपासा म्हणायच्या आणि दर वेळी लोहाच्या गोळ्या घेऊन जायच्या. बाकावर बसल्या की पदराच्या गाठीतून कच्चे तांदूळ काढून चघळायच्या. अंगात रक्त नसलं की बायकांना माती, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे मला माहीत होतं. एकदा धीर करून मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, द्या ना एकदा लिहून. बाईंचं समाधान होईल."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का रे, सुकामेव्याचा डबा तुझ्याकडेच राहिला वाटतं?"

मी कानाला खडा लावला. तांदळांचं सांगायचं राहूनच गेलं. माझंही चुकलंच, ते मी लपवत नाही.

नोव्हेंबरात डॉक्टर वैतागले. नेहमीप्रमाणे ज्योतिबाही बरोबर होताच. "चार महिने गोळ्या देतोय आणि फरक शून्य. म्हणजे बाई, तुम्ही गोळ्या घेत नाही."

गोजराबाईंनी पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. रबर लावून गठ्ठा करून आणली होती. "ह्ये बघा. एक बी चुकवली न्हाई. पोटात मळमळतं, तरी बी घेती."

डॉक्टर हसले. "पाकिटं रिकामी झाली हे दिसतंय. गोळ्या पोटात गेल्या की मोरीत, ते कोण बघायला गेलंय?"

ज्योतिबाही हसला. डॉक्टर हसले की हसायचं, एवढंच त्याला कळत होतं. गोजराबाईंनी गठ्ठा पिशवीत ठेवला आणि उठून बाहेर गेल्या. त्या दिवशी त्या माझं औषधही न घेता गेल्या.

पुढचं मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. घरी बसून राहिल्या की ज्योतिबा म्हणू लागला, "डॉक्टर काय खोटं बोलत्यात व्हय? सोंगं बंद कर." मार्केटात मुकादम म्हणाला, गोजरा आता कामचुकार झाली. तिशी-पस्तिशीपर्यंत जिच्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही, त्या बाईला हे दम लागण्यापेक्षा जास्त लागलं. त्या एकट्याच लॅबमध्ये गेल्या. लॅबवाला म्हणाला, "कुठली टेस्ट? रक्ताच्या पन्नास टेस्ट असतात. चिठ्ठी आणा." दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर ज्योतिबा म्हणाला, "मग टिपणीस डॉक्टरला कुठल्या तोंडानं भेटू?"

अशा वेळी ज्योतिबानेच त्यांना वाट दाखवली, तीही नकळत. आमच्या सेक्टरातलं मित्रमंडळ दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर भरवतं. ज्योतिबा दर वर्षी रक्त देतो. जेवताना तो सांगत होता, "आदी बोट टोचत्यात. थेंब निळ्या पान्यात सोडत्यात. रगात चांगलं आसंल तर बुडतंय. न्हाईतर माघारी धाडत्यात."

"समद्यांचं बोट टोचत्यात?" गोजराबाईंनी विचारलं.

"समद्यांचं."

"चिठ्ठी लागती?"

"रगात द्यायला कसली आलीय चिठ्ठी?"

सत्त्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शिबिर सुरू झालं. पहिल्या टेबलावर फॉर्म भरायला मी. दुसऱ्यावर वजन-बीपी बघायला, समाजसेवा म्हणून, आमचे डॉक्टर. तिसऱ्यावर मुंबईच्या रक्तपेढीतून आलेल्या जयमालाबाई, बोट टोचायला. अकराच्या सुमारास मान वर केली तर समोर गोजराबाई. धुतलेलं लुगडं, कुंकू आणि पदराची गाठ आज रिकामी. रांगेतल्या एकाने टोमणा मारला, "मावशी, स्टीलचा डबा पायजेल वाटतं?" कारण रक्त देणाऱ्याला मंडळातर्फे डबा मिळायचा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "ल्ही माझं नाव."

मी लिहिलं. काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं आणि मी मुकाट्याने फॉर्म पुढे सरकवला.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, मग बाईंना पाहिलं. "अरे वा! रक्त द्यायला आलात म्हणजे अशक्तपणा गेला वाटतं." बीपी घेतलं, वजन पाहिलं. सेहेचाळीस किलो, बसतंय नियमात. "ठणठणीत," असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

जयमालाबाईंनी बोट टोचलं. थेंब काचेच्या नळीतून निळ्या पाण्यात सोडला. गोजराबाई वाकून बघत होत्या. "मोरचूद हाय व्हय ह्ये?" त्यांनी विचारलं. जयमालाबाई हो म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष थेंबाकडे होतं. थेंब थोडा खाली गेला, मध्येच थांबला आणि सावकाश वर आला. त्यांनी दुसरं बोट टोचलं. दुसरा थेंब खाली जायलाच तयार नव्हता.

"तुमचं रक्त घेता येणार नाही, मावशी. तुम्हालाच लागेल."

हे डॉक्टरांनी ऐकलं. ते उठून आले. "पाणी खराब झालं असेल. सकाळपासून तेच वापरताय." जयमालाबाई म्हणाल्या, आत्ताच बदललंय. डॉक्टरांनी आपलं बोट पुढे केलं. "टोचा. माझा थेंब टाका."

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. डॉक्टरांचा थेंब सरळ तळाशी गेला. "धर्मराज, तू ये." माझाही गेला. एव्हाना रांगेतली माणसं टेबलाभोवती जमली होती आणि डब्याचा टोमणा मारणारा सगळ्यांत पुढे होता. डॉक्टर त्या पाण्याकडेच बघत राहिले. गोजराबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज खणखणीत होता.

"आता तरी देताव का ल्हिऊन?"

जयमालाबाईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि हळू आवाजात काही विचारलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. परत येऊन त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "वर्षभर पाळी पंधरा-पंधरा दिवस चालते त्यांची. गोळ्यांनी काय होणार?"

डॉक्टर गोजराबाईंकडे वळले. "हे मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा? आन मी तरी कशी सांगू? पडद्याआड ह्यो धर्मराज हुबा, म्होरं माझा मालक बसल्याला."

डॉक्टरांजवळ चिठ्ठ्यांचा गठ्ठा नव्हता. त्यांनी त्याच फॉर्मच्या मागे, ठणठणीत म्हणून सही केली होती त्याच्या मागच्या बाजूला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा.

पुढे गोजराबाईंना इस्पितळात रक्त चढलं, गर्भाशयातल्या गाठी निघाल्या, तीन महिन्यांनी त्या पुन्हा मार्केटात जाऊन बसल्या आणि आज त्या माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. ते सगळं झालंच. मला मात्र आठवते ती रिपोर्ट आला तेव्हाची सकाळ.

सत्तावीस तारखेला दोघं नवरा-बायको आली. मी त्यांना नंबर न देता आत सोडलं आणि बाकावरचं कोणी कुरकुरलं नाही. सव्वीस जानेवारीची गोष्ट सेक्टरभर झालेली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. मी त्यांच्या मागेच उभा होतो, आकडा मलाही दिसला. हिमोग्लोबिन चार पॉइंट नऊ. डॉक्टर बराच वेळ तो कागद वाचत राहिले. त्यात वाचण्यासारखं तेवढं एकच होतं.

"बाई, अंगात निम्म्याहून कमी रक्त राहिलंय. आजच्या आज भरती व्हायला लागेल. मी चिठ्ठी देतो, मी स्वतः फोनही करतो."

ज्योतिबा घाबरला. गोण्या उचलणारा गडी, पण खुर्चीचा दांडा धरून बसला. कुठलं इस्पितळ, किती दिवस, कसं करायचं, असं एकामागून एक विचारू लागला.

गोजराबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. बरी होईन का, हेसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, म्हंजी मी सोंग करत नव्हती न्हवं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही बाई. सोंग नव्हतं. गोळ्याही तुम्ही घेत होतात. माझंच चुकलं."

गोजराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"पुन्यांदा सांगा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी नीट ऐकू आलं नसंल."

आणि डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, या वेळी पडद्याबाहेरच्या बाकावरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.