मामांच्या गुडघ्यावरची बोटं

थोरल्या जावयाचा आपल्या साडूवर जीव जळायचा, आणि त्यातही जास्त त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर.

गॅरेज सासऱ्यांचं. जावई मामा म्हणतात म्हणून गिऱ्हाईकंही त्यांना मामाच म्हणायची. काम फक्त फोर-व्हील जीपांचं, खाणीवरून आणि डोंगरातून खिळखिळ्या होऊन आलेल्या. मामांची रीत अशी, की आधी पान्याला हात लावायचा नाही. बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसायचं, तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवायचा आणि गाडी फिरवायला लावायची. ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने घरघरीचा सूर बदलला तर डिफ्रन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे, दाते खराब. पायाच्या दाबाने फरक नाही, पण डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजव्या चाकाचं बेअरिंग. मग मागच्या मोकळ्या मातीत चारही चाकं इंजिनाला जोडायची आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून फिरायचं. कटकट आली की समजायचं, पुढच्या ॲक्सलचा सांधा गेला.

या फेरीला स्टिअरिंगवर कोण, यावर गॅरेजात माणसाची किंमत ठरायची. मामांच्या मागे गॅरेज कोण बघणार, तेही त्यावरच. आणि इतकी वर्षं स्टिअरिंगवर थोरलाच होता.

धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि हा साडू गॅरेजात आला. हसरा, कामसू, उलट शब्द नाही. काही दिवसांनी मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही इंजिनाचं बघा. फेरी मारायला धाकट्याला पाठवा." झालं, थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं ते कायमचं. वर हा धाकटा गाडी चालवता चालवता मामांच्या गुडघ्यावर बोटं वाजवायचा. थोरला फाटकातून बघायचा आणि घरी येऊन बायकोपुढे ओकायचा.

"सासऱ्याच्या गुडघ्यावर तबला वाजवतोय. लाडोबा कुठला."

"मग तुम्हीही वाजवा, माझे बाबा काही नको म्हणणार नाहीत," बायको म्हणायची. तिला मेली गंमत वाटायची.

अशात खाणीची जीप आली. पुढून नुसती घरघर. दोघं नुसती रस्त्यावरची फेरी मारून आले आणि मामा म्हणाले, "उजवं बेअरिंग." थोरला चारचौघांत म्हणाला, "डिफ्रन्शियल आहे. अशी घरघर मी जन्मभर ऐकली." खरं सांगायचं तर जीप फाटकातून आत येताना जेवढी कानावर पडली तेवढीच त्याने ऐकली होती. पण साडूच्या फेरीतून निघालेला निकाल बरोबर असणं त्याला सोसवेना. मामा काही बोलले नाहीत, नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. थोरल्याने ते मूक संमती म्हणून घेतलं आणि डिफ्रन्शियल खोललं.

तेल मधासारखं स्वच्छ. चुऱ्याचा कण नाही. दाते नव्या नवरीसारखे. गॅरेजातली माणसं आपापल्या कामात एकदम फार गुंतली. धाकटा मुकाट्याने शेजारी येऊन बसला, पुसून एकेक बोल्ट हातात देत राहिला. एकदाही हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

बेअरिंग बदललं आणि घरघर गेली. जीप परत देण्याआधीच्या शेवटच्या फेरीच्या दिवशी धाकटा बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता. "उद्या मारू फेरी," मामा म्हणाले. "उद्या कशाला? मी काय मेलोय?" म्हणत थोरला स्टिअरिंगवर जाऊन बसलाच. मामा नाइलाजाने शेजारी बसले.

कित्येक महिन्यांनी ती जागा मिळाली होती. छाती काढून त्याने रस्त्यावर गाडी पळवली, मग मातीत नेली, चारही चाकं जोडली आणि डावीकडे वळवली. डाव्या चाकातून कट्, कट्, कट्. एवढं स्पष्ट की कुंपणाजवळ झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

मामा डोळे मिटून, दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा, कशी लोण्यासारखी चाललीय."

थोरल्याला वाटलं, थट्टा करताहेत. त्याने पुन्हा वळवली. पुन्हा कट्, कट्. मामांच्या चेहऱ्यावर समाधान. घरघर त्यांच्या तळहाताला कळत होती, पण कटकट दांड्यापर्यंत पोचत नव्हती, आणि कानापर्यंत तर नाहीच. म्हणजे त्या दिवशी तोंडाकडे बघत बसले होते, ते ओठ वाचत होते.

आणि ती बोटं.

त्याने डावा हात हळूच मामांच्या गुडघ्यावर ठेवला आणि चाकाच्या तालावर बोट वाजवलं. मामांनी डोळे उघडले.

"डावा सांधा," ते म्हणाले. मग मान वळवून विचारलं, "धाकट्याने सांगितलं?"

थोरल्याने मान हलवली. नाही.

"तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं," मामा म्हणाले. "तुम्ही माझ्या हाताखाली शिकलात. तुमच्यासमोर लाज वाटली."

थोरल्याने गाडी गॅरेजात आणली आणि चाक खोलायला घेतलं.

घरी बायकोने विचारलं, "बसलात ना बाबांच्या शेजारी? झाला एकदाचा जीव थंड?"

त्याने तिला सगळं सांगितलं. ती रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे तुमचा मान कोणी काढून घेतलाच नव्हता. मग अजून तोंड का असं?"

थोरला हातावरचं ग्रीस घासत बसला होता. डिफ्रन्शियल उघडं पडलं होतं तेव्हा साडूने एक शब्द उच्चारला असता, तर सगळं गॅरेज त्याच्या बाजूने झालं असतं. तो नुसता बोल्ट पुसत बसला.

"तो चांगला आहे गं," थोरला म्हणाला. "आता काय करू मी त्याचं?"