रुपाबाईचा छापील नवरा

एकोणीसशे पंचावन्नच्या दिवाळीत वाशिमकडच्या दुकानांत विडीचं एक नवं कॅलेंडर लागलं. तसली कॅलेंडरं दरसाल यायची. कधी लक्ष्मी, कधी बाळकृष्ण, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'पोपटजोडी छाप विडी'. दुकानदार जुन्या खिळ्यावर नवं कॅलेंडर अडकवायचे आणि उदबत्ती ओवाळून मोकळे व्हायचे. देव विडीवाल्यानं फुकट दिला म्हणून काय बिघडलं! पण त्या वर्षी चित्रात देव नव्हता. एक बंजारा बाई होती, आणि ती बाई जितीजागती होती, अनसिंगच्या बाजारात डिंक विकत बसायची. तिचा चेहरा गावोगाव टांगायच्या आधी तिला एका शब्दानं विचारावं असं त्या कंपनीतल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही.

तिचं नाव रुपाबाई. अनसिंगपासून दोन कोसांवर टेकडीखाली तिचा तांडा. नवरा मोहनसिंग चार वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हा लेक ललिता तीन वर्षांची होती. बंजाऱ्यांत बाईचं अहेवपण अंगावर दिसतं. कानांपाशी केसांत लोंबणारी चांदीची घुगरी-टोपली आणि कोपरापासून खांद्यापर्यंत भरलेला पांढरा चुडा, हे नवरा असेपर्यंत. मोहनसिंगच्या दहाव्याला रुपाबाईनं दोन्ही उतरवलं. वर्षानुवर्षं चुड्याखाली झाकलेले दंड उघडे पडले तेव्हा ते बाकीच्या हातांपेक्षा गोरे दिसत होते. मग उन्हातान्हात डिंक गोळा करता करता तेही काळवंडले.

तांड्याची रीत अशी होती की विधवेनं दुसरा नवरा केला तर कोणी बोटं मोडत नसे, पण तिनं जायचं ते मोकळ्या हातानं. शेत आणि लेकरं मेलेल्या नवऱ्याच्या भावाकडे राहायची. रुपाबाईचा दीर धरमसिंग या रीतीवर डोळा ठेवून बसला होता. चार एकर बरड जमीन, तीही त्याला सोडवेना. आधी त्यानं तिला आपल्याच घरात बसायला सांगून पाहिलं. तिनं चारचौघांत नाही म्हटलं. तेव्हापासून त्या माणसाच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

ज्या फोटोवरून ते चित्र काढलं त्याचं असं झालं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात कंपनीची भोंगा लावलेली मोटार अनसिंगच्या बाजारात आली. फुकट विड्यांची खैरात सुरू झाली आणि बाजार तिकडं पळाला. रुपाबाई आपल्या टोपलीपाशी बसून राहिली, कारण धावड्याचा डिंक सोडून पळालं की माघारी टोपली रिकामी सापडते. कंपनीचा एजंट नानाजी, अकोल्याचा, पांढरी पाटलोण आणि गळ्यात कॅमेरा, तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्यानं आख्खी टोपली तिनं सांगितल्या भावात घेतली. घासाघीस नाही, काही नाही! तिथंच तिनं सावध व्हायला हवं होतं. पण तिला वाटलं, शहरातला माणूस आहे, घरी लेक बाळंत असेल, लाडवाला डिंक लागत असेल. तो म्हणाला, जरा उन्हात उभी राहा. ती राहिली. हातात विड्यांचं बंडल धर म्हणाला, तेही धरलं. मग त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि काम झाल्यावर निघून गेला. रुपाबाईनं त्या दिवशी ललिताला लाल रिबिन घेतली आणि खुशीत घरी गेली.

वर्षानं अनसिंगच्या शालिग्राम किराणावाल्यानं तिला हाक मारली.

"अवो बाई, पाहा तं इकडं! तुमी तं लक्ष्मीच्या खियावर जाऊन बसल्या!"

तिनं पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेहरा तिचाच. डाव्या भुवईवरचा लहानपणचा व्रणसुद्धा कंपनीच्या चित्रकारानं इमानदारीनं काढला होता. पण कानांपाशी घुगरी-टोपली, दंडभर चुडा, ओठ रंगवलेले. आणि शेजारी एक पुरुष! लाल पागोटं, पिळदार मिशा, ओठांत विडी. चित्रातली रुपाबाई काडी पेटवून ती विडी शिलगावत होती आणि त्याच्याकडे बघून हसत होती.

"हा कोन हाय?" तिनं विचारलं.

"तुमाले मालूम!" शालिग्राम खो खो हसला.

शालिग्रामला हसायला काय जात होतं? धरमसिंगनं दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर दुकानातून मागून नेलं आणि हेमला नायकापुढे पसरलं. हेमला तांड्याचा मुखिया, म्हातारा, सरळ माणूस, पण अक्षरशत्रू. छापलेला कागद तांड्यात यायचा तो सरकारचा. रेशनचं कार्ड छापलेलं, मताची चिठ्ठी छापलेली. छापलं म्हणजे झालं, एवढंच त्याला ठाऊक. तांड्याची बोली वेगळी, पण बाजाराच्या बोलीत सांगायचं तर धरमसिंग म्हणाला,

"नायक, माह्यावर भरोसा ठेवू नोका. कागदावर ठेवा. जे समोर असते तेच फोटोत निघते. इनं वाशिमात नवरा केला. चुडा तिकडं भरते अन् इकडं येऊन उतरवते. माह्या भावाची पोरगी मले द्या."

"तो मानूस मी पाह्यलासुदिक नाई!" रुपाबाई ओरडली.

पण तांड्यातल्या लोकांनी एव्हाना पाहिला होता! सुंदरबाई म्हणाली, मी पाह्यला, वाशिमच्या टेशनावर उभा होता, हेच पागोटं होतं. दुसरी म्हणाली, तो सावकारी करते म्हनतात. तिसरीला त्याचं गावही सापडलं. ज्या बायका चार वर्षं रुपाबाईच्या बरोबरीनं पाणी भरत होत्या, त्यांनी दोन दिवसांत त्या रंगाच्या पुतळ्याला घरदार, धंदा आणि सासूसुद्धा देऊन टाकली. काय म्हणावं या तोंडांना! पंचांनी रुपाबाईला पुढच्या पुनवेपर्यंत मुदत दिली. असा माणूस नाही असं कंपनीच्या माणसानं इथं येऊन सांगावं. नाही तर ललिता आणि शेत धरमसिंगकडे.

रुपाबाई वाशिमला गेली. नानाजी तिथल्या आपल्या विडीच्या ठोक विक्रीच्या दुकानात गादीवर लोडाला टेकून बसला होता. तिनं सगळं सांगितलं, हात जोडले, फक्त एकदा तांड्यावर चला म्हणाली.

"मला तेवढाच धंदा आहे का?" नानाजी म्हणाला. "तुझ्या थोबाडानं विक्री वाढली, खूश हो की."

"मंग तो मानूस काहून काढला? अन् चुडा काहून चढवला? माहे दंड तं उघडे होते."

"उघडे होते म्हणूनच. मी चौकशी केली तेव्हाच कळलं की तू विधवा आहेस. विधवेच्या हातची विडी कोण ओढील, बाई? कंपनीनं चित्रकाराला सांगितलं, हिला सवाशीण कर. आणि एकटी बाई विडी घेऊन हसतेय म्हटल्यावर लोक भलतंच समजतील, म्हणून नवरा दिला. फुकट मिळाला, उपकार मान!"

गादीभोवतीचे चार जण हसले. नानाजीनं कॅलेंडरांची एक गुंडाळी तिच्या हातात कोंबली, तांड्यात वाटून टाक म्हणाला, आणि नोकराला सांगून तिला पायरीखाली उतरवलं. तिनं ती गुंडाळी तिथल्याच गटारात टाकली. परतीच्या वाटेवर ती रडली नाही. नानाजीचं ते एकच वाक्य तिच्या डोक्यात घुमत राहिलं, विधवेच्या हातची विडी कोण ओढील. तांडा दिसू लागेपर्यंत तिचं ठरलं होतं.

पण त्याची किंमत काय, हे तिला पक्कं माहीत होतं. बाजारातल्या कुणबी-माळी बायकांना घुगरी-टोपलीतलं काही कळत नसे. बंजारीण दिसली, डिंक चांगला दिसला, घेतला. तो डिंक जायचा बाळंतिणीच्या लाडवांत, आणि बाळंतिणीच्या पोटात जायचं ते विधवेच्या हातचं कोणती सासू घेणार? मेल्या रीती! एकदा तोंडानं बोललं की डिंकाचा धंदा संपला, आणि तिला दुसरा धंदा येत नव्हता. ती रात्रभर ललिताच्या शेजारी जागी राहिली आणि सकाळी रिकामी टोपली घरातच ठेवून अनसिंगला गेली.

शालिग्रामच्या दुकानाच्या पायरीवर, बरोबर कॅलेंडरखाली ती उभी राहिली. ओढणी मागं सारून दोन्ही दंड उघडे केले.

"पाहा रे बापहो!" ती ओरडली. "हे चित्रातली बाई मीच हावो. मी रांडमुंड बाई हावो. माहा नवरा मरून चार वर्सं झाले. हा मिशावाला खोटा, हा चुडा खोटा. या, माह्या हातची विडी वढा! घेऊन जा, घरी पोराचं लगन असंल तं तिथंबी वाटा!"

आधी लोक हसले. मग एक जण हातातलं बंडल बघून थांबला. त्याच्या लेकीच्या सोयरिकीची सुपारी फुटायची होती त्याच आठवड्यात. त्यानं बंडल गुपचूप परत फळीवर ठेवलं. दुसऱ्यानंही ठेवलं. गर्दी वाढली, पण कोणी आत शिरेना, कारण आत जायचं तर रुपाबाईच्या अंगावरून जावं लागत होतं, आणि शुभ कामाला निघालेल्यांना ते नको होतं. दुपारपर्यंत शालिग्रामचं गूळ-मीठसुद्धा विकलं गेलं नाही.

"काय वं बाई, माहं दुकान कायले बसवून राह्यली?" शालिग्राम आता हसत नव्हता. "म्या काय केलं तुवं?"

"हसला होता. एजंटाले बलाव."

"मी कॅलेंडर उतरवतो. मंग तं झालं?"

"टांगलेलं राहू दे. एजंटाले बलाव."

पुढच्या बाजारी ती रिठदला गेली, त्यापुढच्या बाजारी वाशिमला, नानाजीच्याच ठोक दुकानासमोर. तिथल्या नोकरांनी तिला ढकललं, तिचं कोपर फुटलं, ती पुन्हा येऊन उभी राहिली. घसा बसला तरी घोगऱ्या आवाजात तेच ओरडत होती. एका माळणीनं, जिला तिनं दोन वर्षं डिंक दिला होता, तिच्याकडे पाहून लेकराच्या तोंडावर पदर ओढला. रुपाबाईनं ते पाहिलं. पण ती पायरीवरून हलली नाही. तीन बाजारांतल्या दुकानदारांनी अकोल्याला कंपनीकडे पत्रं धाडली की तुमची विडी परत घ्या, लोक हात लावत नाहीत.

आणि मग काय, ज्या नानाजीला तांड्यावर यायला वेळ नव्हता, तो पुनवेच्या आदल्या दिवशी मोटार घेऊन, धूळ खात, तांड्याची वाट विचारत हजर झाला! माणसाच्या विनवणीनं न हललेला धंदा फळीवर पडून राहिलेल्या बंडलांनी हलला.

पंच लिंबाखाली बसले. रुपाबाई एका बाजूला, ललिता तिच्या घागऱ्याला धरून. नानाजी बाजेच्या कडेला अवघडून बसला आणि घाम पुसत बोलला.

"तो माणूस नाही. कुठंच नाही. चित्रकारानं मनानं काढला. बाई विधवा आहे, कंपनीला माहीत होतं. चुडाही आम्हीच चढवला." मग रुपाबाईकडे वळून म्हणाला, "झालं ना तुझं? आता बाजार सोड."

"हा पैसे खाऊन बोलून राह्यला!" धरमसिंग उठला.

"बस खाली बे," हेमला नायक म्हणाला. "ज्यानं छापलं तोच सांगून राह्यला. आता काय त्याच्या मेलेल्या बापाले इचारतं?"

निकाल झाला. लेक आईची, शेत लेकीचं. सुंदरबाईनं हळूच तोंड दुसरीकडे फिरवलं. निकाल लागला की तांड्यात सगळ्यांनी एका परातीतला गूळ खायचा आणि भांडण मिटलं म्हणायचं, अशी चाल होती. परात फिरली. पंचांनी घेतला, धरमसिंगनं दात-ओठ खात घेतला, नानाजीनंही चिमूटभर तोंडात टाकला. हेमला नायक परात घेऊन स्वतः रुपाबाईपुढे आला.

"घे पोरी. मिटलं आता."

रुपाबाईनं हात पुढे केला नाही. बसलेल्या घशानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "नायक, चार वर्सं मी या दंडानं तुमच्या म्होरं पानी भरलं. हे दंड गोरे होते, तुमच्या डोयाम्होरं काये झाले. ते कोनालेच दिसले नाई. मी तोंडानं सांगतलं, तेबी आयकू नाई आलं."

म्हातारा ओशाळला. परात हातातच धरून म्हणाला, "छापलेलं होतं वं, माय."

"मंग त्या छापलेल्या बाईलेच द्या गूळ," रुपाबाई म्हणाली, आणि ललिताचा हात धरून घराकडे निघून गेली.