पेटीतली अक्षता

पत्नीच्या दुसऱ्या डोळ्यातही दृष्टीचा मधला भाग झिजू लागला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, त्या दिवशी सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या आमच्या घरी येऊन तिने ताटे मांडली. जेवायला बसताना म्हणाली, "यंदा त्या थंड खाडीत जायचंच. पुढच्या वर्षी जाऊन मला काय दिसणार आहे?"

समुद्रतळावरच्या चिमुकल्या जिवांची छायाचित्रे काढणे हा तिचा पंधरा वर्षांचा ध्यास. तिच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो. मी पाठशाळेत शिकलेला, इथे घरी चार मुलांना संस्कृत शिकवणारा. पाण्याखाली एकट्याने उतरायचे नसते, जोडीदार लागतो, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मीही स्कूबा डायव्हिंग शिकलो. ती छायाचित्रे काढते. मी टॉर्च धरतो आणि तिच्या टाकीत हवा किती उरली, यावर लक्ष ठेवतो. इथल्या दक्षिणेकडच्या बेटांजवळचे पाणी कोमट, हिरवट आणि गढूळ. त्यात कित्येक शनिवार घालवून तिने अनेक रंगांच्या समुद्री गोगलगाई टिपल्या. एक मात्र राहिली होती. दूर दक्षिणेच्या त्या थंड खाडीत, समुद्रशेवाळाच्या पात्यांवर राहणारी, मुगाच्या दाण्याएवढी. सहा वर्षांपूर्वी ती हिला क्षणभर दिसली आणि प्रवाहाने पाते फिरवले.

एवढा लहान जीव आता तिला नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. परंतु छायाचित्र घरच्या मोठ्या पडद्यावर पुष्कळ वाढवले, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहिले, तर तिला दिसत असे. तेवढा एकच मार्ग उरला होता, आणि तोही फार तर काही महिने.

निघण्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरी त्या दिवशी माझ्या पोथ्यांशेजारी पाटावर तिचा कॅमेरा आणि त्याची जलरोधक पेटी बसते.

"फुलं वाहा, हळदकुंकू बाहेरून लावा," ती म्हणाली. "पेटीच्या आत काही जाता कामा नये. एक केस अडकला तरी पाणी शिरतं."

"पंधरा वर्षं ऐकतोय."

"ऐकता हो. माझी पोथी कधी पाठ झाली नाही तुम्हाला."

पूजा झाली. तबकातल्या कुंकू लावलेल्या थोड्या अक्षता मी कागदात बांधून कोटाच्या खिशात ठेवल्या. प्रवासाला निघताना मी नेहमीच ठेवतो.

खाडीच्या किनाऱ्यावर वारा बोचत होता. पाणी एवढे गार, की अंगात न भिजणारा जाड पोशाख, हातांत मोजे, डोक्याला टोपडे. मोजे घालण्याआधी तिने पेटीच्या खोबणीतल्या रबरी कड्याला वंगण लावले आणि बोटाने हळूहळू सगळीकडे चाचपून पाहिले. मग पेटी माझ्या हाती दिली.

"बघा हो. मला दिसत नाही. स्वच्छ आहे ना?"

मी पाहिले. "स्वच्छ आहे."

"मग करा बंद."

ती पाठमोरी होऊन मोजे चढवू लागली. मी बाजूला ठेवलेल्या कोटाच्या खिशातून एक अक्षता काढली आणि पेटीच्या आत, कडेपासून दूर, कोपऱ्यात ठेवली. तिचे सांगणे मला आठवत नव्हते असे नाही. नियम केसांसाठी, वाळूसाठी असतो. देवासमोर ठेवलेल्या वस्तूसाठी नसतो, असे काहीसे मला त्या वेळी वाटले असावे. झाकण लावताना पेटी किंचित कलली, तेवढेच. मी खिट्ट्या दाबल्या.

पाण्याखाली शेवाळाची उंच पाती सावकाश हलत होती. ती पात्यामागून पाते चाळत, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहत पुढे सरकली. एका ठिकाणी थांबली आणि हात वर करून मला जवळ बोलावले. मी उजेड धरला. तिच्या फ्लॅशचा प्रकाश अकरा वेळा पडला; मी मोजले. वर आलो तेव्हा पेटीच्या काचेआड अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्यासारखे पाणी हिंदकळत होते.

किनाऱ्यावरच्या दगडावर ती टोपडेही न काढता बसून राहिली. मी पेटी उघडली. कड्याखाली, खोबणीत, चिरडलेला तांबडा दाणा होता. मी तो अंगठ्याने पुसला आणि हात पाण्यात धुतला.

"रिंग जुनी झाली होती," ती म्हणाली. "बदलायला हवी होती. माझंच चुकलं."

मी पेटी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून खाडीत वादळ होते. पुन्हा उतरता न येताच आम्ही परतलो. सिंगापूरला आल्यावर कॅमेऱ्यातले कार्ड डबीत घालून मी तीन दुकाने हिंडलो. तिसऱ्या दुकानातल्या वृद्ध चिनी गृहस्थांनी भिंगातून ते बराच वेळ पाहिले.

"अंकल, सॉल्ट वॉटर, बॅटरी ऑन. कॅनॉट लाह," ते इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले. त्यातून काही निघणार नव्हते.

"दुसरीकडे कुठे?"

"यू ट्राय. सेम लाह." त्यांनी डबी दोन्ही हातांनी, फार हळुवारपणे परत दिली. त्या हळुवारपणाने मी खचलो.

तिथून लिटिल इंडिया या भारतीय वस्तीत गेलो. देवळात उभा राहिलो, पण मागायचे काय, हे सुचेना. माझ्या श्रद्धेनेच तिचा तो कॅमेऱ्याचा डोळा मिटवला होता; त्या श्रद्धेनेच आता कोणता आधार मागावा? हात जोडले गेले नाहीत. बसने घरी आलो.

ती खुर्चीत बसली होती. मी चपलाही न काढता सगळे सांगितले.

"कधी घातलीत?"

"तू बंद करा म्हणालीस तेव्हा."

"म्हणजे मी विचारलं, स्वच्छ आहे ना, त्याच्यानंतर."

"हो."

"आठ दिवस मी त्या रिंगला शिव्या देतेय. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात!"

तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले. मी तिला कितपत दिसत होतो, कोण जाणे.

"बरं," ती म्हणाली. "टॉर्च तुमच्या हातात होता. नीट सांगा मला, कशी होती ती?"

पाठशाळेने मला विशेषणे पुष्कळ दिली आहेत. त्यांतली चार जोडली असती तर तिला पुरली असती, आणि खरेखोटे पाहायला कोणी येणार नव्हते. मी तोंड उघडलेही.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "थंडीत तुझी हवा भराभर संपते. मी काटा बघत होतो."

"अकरा वेळा उजेड पडला आणि तुम्ही काटा बघत होतात?"

"हो."

ती हसली, निदान आवाज हसण्याचा होता. खाली कुणाची तरी नातवंडे इंग्रजीत भांडत होती.

"वही आणा," ती एकदम म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा. लवकर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधुक दिसली तेवढीच आहे माझ्याजवळ, आणि तीही आता पुसट होतेय."

मी वही घेऊन जमिनीवर बसलो.

"अंग पांढरं. दुधासारखं नाही, साबुदाणा शिजल्यावर होतो तसं. पाठीवर बारीक बारीक बोटं उभी. त्यांची टोकं नारिंगी."

मी लिहिले.

"नारिंगी नाही. पिवळी. पिवळी होती हो."

मी खोडले आणि पिवळी लिहिले.

"थांबा," ती म्हणाली. तिने दोन्ही डोळ्यांवर तळहात दाबून धरले. "थांबा जरा. लिहू नका."

मी लेखणी उचलून धरली आणि थांबलो. तळहातांआड ती पुटपुटत होती, "नारिंगी... पिवळी... नारिंगी..."