पिंगकाका आणि पट्टीताईंचा बंद पडदा

पिंगकाका वयानं काही काका नव्हते. केस लवकर पिकले, पोट लवकर सुटलं आणि गळ्यात पिवळी वायर गुंडाळून ते ऑफिसं पालथी घालायला लागले, तेव्हाच लोकांनी त्यांना काका करून टाकलं. 'पिंग' मागाहून चिकटलं. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला "आहेस का?" म्हणून हाक मारायची आणि दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं, याला त्यांच्या धंद्यात पिंग म्हणतात. काकांचं कुठलंही काम या हाकेपासून सुरू व्हायचं. घरी परततानाही जिन्यातूनच ओरडायचे, "आहेस का गं?" आतून काकू ओरडायच्या, "आहे! जाते कुठं!" एवढं झाल्याशिवाय काका चपला काढत नसत.

माणूस लाखातला, पण तोंडानं फटकळ. बिघाड सापडला की कोणाची भीडभाड न ठेवता चारचौघांत सांगून मोकळे. "प्रिंटर बिघडलेला नाही साहेब, तुमच्या मेहुण्यांनी त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवला होता." असं बोलून त्यांनी दोन-तीन गिऱ्हाइकं घालवली होती. काकू कपाळावर हात मारायच्या. काका म्हणायचे, "बिघाड झाकला की तो पुन्हा बोलावतो. त्यापेक्षा एकदा कान धरलेला बरा."

त्यांच्या गिऱ्हाइकांत इमारतींचे नकाशे काढणारं एक लहानसं ऑफिस होतं. दोन खोल्या, साहेबांची काचेची केबिन आणि कपाटावर धूळ खात बसलेला राउटर. तिथं पट्टीताई काम करायच्या. हातानं नकाशे काढायचे त्या काळापासून त्यांना पट्टी हातात धरूनच बोलायची सवय, म्हणून हे नाव. त्यांच्या शेजारी टायपिस्टबाई. टाइपरायटर कधीचा भंगारात गेला, बाईंचं नाव मात्र तेच राहिलं. दोघींची टेबलं इतकी चिकटून होती की एकीला खण उघडायचा तर दुसरीनं खुर्ची मागं सरकवावी लागे. एकमेकींचे पासवर्ड दोघींना तोंडपाठ. खरं तर त्या ऑफिसात सगळ्यांचेच पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होते, कारण कोणी रजेवर गेलं आणि साइटवरून नकाशाची मागणी आली की काय करायचं? यावरून काका दर वेळी डोकं फोडून घ्यायचे. लोक त्यांना चहा द्यायचे आणि पासवर्ड होता तसाच ठेवायचे.

मग पट्टीताईंच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. घरात या मायलेकींशिवाय तिसरं माणूस नाही. साहेबांनी ताईंना घरून काम करायची मुभा दिली आणि काकांनी सगळं जोडून दिलं. ताईंनी घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसातला स्वतःचा कॉम्प्युटर उघडायचा आणि आईच्या उशाशी बसून नकाशे काढायचे. सुरुवातीला छान चाललं. टायपिस्टबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या परत आल्या, आल्या आल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून रडल्या आणि कामाला लागल्या. त्याच सुमाराला जोडणी तुटायला लागली.

दिवसातून कितीतरी वेळा तुटायची. ताई पुन्हा जोडायच्या, पुन्हा तुटायची. अर्धी भिंत काढून झाली की बाहेर. काकांना बोलावणं गेलं. काका आले, ताईंच्या टेबलावर बसले, पासवर्ड टाकला, कॉम्प्युटर टकाटक चालला. "चालतंय की!" त्यांनी ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, "काका, आत्ता तर परत तुटलं!" काकांनी वायर बदलली. राउटर बदलला. कॉम्प्युटरला झोप लागते म्हणून त्याची झोप बंद केली. राउटर कॉम्प्युटरला रोज नवा पत्ता देतो की काय म्हणून पत्ता कायमचा बांधून टाकला. ते तिथं ठाण मांडून राउटरवर नजर ठेवून बसले की सगळं सुरळीत. पाठ वळली की ताईंचा फोन. काकांच्या नाकी नऊ आले. जेवताना ते गप्प बसायला लागले, तेव्हा काकूंना काळजी वाटली.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. पण साइटवरची माणसं नकाशांसाठी त्याच्या नावानं शंख करत होती. शेवटी त्यानं काकांना केबिनमध्ये बोलावलं. "हे बघा, या शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर पट्टीताईंना सांगावं लागेल, ऑफिसात येऊन बसा, नाहीतर मला दुसरं माणूस बघू द्या."

ताईंना येता येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. केबिनच्या दाराशी कागद घेऊन उभ्या असलेल्या टायपिस्टबाईंनाही साहेबांचं बोलणं ऐकू गेलं. त्यांचा चेहरा उतरला.

शुक्रवारी सकाळी काका ऑफिसात न जाता थेट ताईंच्या घरी गेले. इतके दिवस ते एकाच टोकाला बसून वायर ओढत होते. दुसरं टोक त्यांनी पाहिलंच नव्हतं. एक खोली, खिडकीशी पलंग, पलंगावर आई, पलंगाला टेकवलेलं टेबल. ताई एका हातानं आईला दलियाचा चमचा भरवत होत्या आणि दुसऱ्या हातानं माउस फिरवत होत्या. काकांना एकदम लाज वाटली. या बाईला आपण फोनवरून दहादा "तिकडचं इंटरनेट तपासा" म्हणून सुनावलंय.

"तुम्ही काम करा," ते म्हणाले. "मी नुसता बघतो."

ताईंनी जोडलं. जिन्याची एक पायरी काढली, दुसरी काढली. तिसरी अर्धी झाली आणि पडदा गेला. एक छोटी चौकट उमटली. ताईंनी सवयीनं ओके दाबलं आणि चौकट गायब.

"थांबा!" काका एवढ्यांदा ओरडले की आईंच्या ओठावरचा घास सांडला. "ते काय होतं?"

"काही नाही हो. दर वेळी येतं. मी ओके करते."

"दर वेळी येतं? आणि मला सांगितलं नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

काकांनी खरंच विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा जोडायला लावलं आणि ताईंचा हात माउसवरून काढून घेतला. थोड्या वेळानं चौकट पुन्हा आली. काकांनी चष्मा वर करून वाचलं. दुसऱ्या कोणीतरी हा कॉम्प्युटर उघडला आहे, म्हणून तुमची जोडणी तोडली आहे. बिघाड नव्हताच. तो कॉम्प्युटर एका वेळी एकालाच आत घेतो. घरून कोणी आत असलं की ऑफिसातल्या पडद्यावर नुसतं कुलूप दिसतं. ऑफिसात त्याच्यासमोर बसून कोणी पासवर्ड टाकला की घरून आलेली ताई बाहेर. आणि मग काकांना आठवलं, रोज तिथं बसून "चालतंय की!" म्हणणारा पहिला माणूस कोण, ते. त्यांनी जीभ चावली.

त्यांनी टायपिस्टबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आता बरोबर कान धरायचा, असं त्यांच्या मनात होतं.

"बाई, ताईंच्या टेबलावर कोण बसलंय?"

"कोणी नाही हो. मी आहे ना इथं, कोणाला बसू देत नाही."

"मग कॉम्प्युटर कोणी उघडला?"

"तो होय? तो मीच उघडते. सारखा बंद पडतो बिचारीचा. पडद्याला कुलूप दिसलं की मला धस्स होतं. वाटतं, तिला आत येता येत नाहीये. मग तुम्ही नसलात की मी पासवर्ड टाकून दार उघडून ठेवते. अर्धीच रेघ दिसते तिची. मी बघत बसते, आता पुढं सरकेल. सरकतच नाही. परत कुलूप लागतं, परत उघडते. सकाळपासून हेच चाललंय. आज शुक्रवार ना, काका. लवकर काहीतरी करा हो."

काकांच्या तोंडात तयार असलेलं वाक्य तिथंच विरघळलं.

"अगं," ताई म्हणाल्या, "तू दार उघडलंस की मी बाहेर पडते गं."

"म्हणजे?"

"म्हणजे तूच मला हाकलतेयस, वेडाबाई!"

पलीकडून हुंदका आला. आणि इकडे ताई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्या हसत राहिल्या. आईंना काय कळलं देव जाणे, त्याही अर्ध्या ओठांनी हसल्या. आईंना हसताना ताईंनी झटक्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

दुपारी ते ऑफिसात पोचले. ताई सकाळपासून आत होत्या आणि नकाशा केव्हाच साइटवर गेला होता. साहेब केबिनच्या दारात आला. "सुटलं म्हणे! काय होतं शेवटी?"

सगळे माना वळवून ऐकायला लागले. काका बिघाड सांगणार म्हणजे कोणाची तरी फजिती, हे ठरलेलं. टायपिस्टबाई कीबोर्डकडे बघत बसल्या होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"वायर, साहेब," काका म्हणाले. "आतून सैल झाली होती."

"वायर? तुम्ही तर बदलली होती ना?"

"बदललेलीच खराब निघाली. चूक माझी."

साहेब चार शब्द बोलला. काकांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतले. घरी काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा बाईंनीच कानांवर हात ठेवले. "मला सांगू नका. कळला तर मी उघडेन." काका त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "हे बघा बाई, पडद्याला कुलूप दिसलं की घाबरायचं नाही. कुलूप असलं की समजायचं, त्या आत आहेत. काम करताहेत."

हे अर्धंच खरं होतं. ताई काम थांबवून गेल्या तरी पडद्याला कुलूपच दिसतं. पण तेवढं काकांनी सांगितलं नाही.

पुढं एकदा प्रिंटरसाठी ते त्या ऑफिसात गेले. ताईंच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवलेली होती, 'आत काम चालू आहे. हात लावू नये.' साहेबांचा हात चुकून तिकडे गेला, तर बाईंनी पट्टीताईंचीच पट्टी टेबलावर आपटली. संध्याकाळी बाई निघाल्या. पर्स खांद्याला लावून त्या बंद पडद्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चल गं, येते मी. तूही फार वेळ बसू नकोस."

ताई त्या वेळी आईचं अंग पुसत असतील, असं काकांना वाटलं. एक हाक मारली असती तर कळलं असतं. काकांची बोटं सवयीनं कीबोर्डवर गेलीसुद्धा. मग त्यांनी ती उचलून घेतली आणि पिवळी वायर गळ्यात गुंडाळली.

"हो, हो," ते म्हणाले, "आहेत त्या."